बाइंडिंग कंबरेपाशीच का सुटतं?

हाताने बनवलेल्या गिटारचं बाइंडिंग, म्हणजे बॉडीच्या कडेने खाचेत बसवलेली पट्टी, सुटलं, अशी तक्रार आली की कुठे सुटलं हे बहुतेक वेळा विचारावं लागत नाही. खालच्या फुगवट्यावर पट्टी घट्ट, वरच्या फुगवट्यावर घट्ट, शेपटीकडचा सांधा जागच्या जागी, आणि मधे जिथे बॉडी आत वळते त्या कंबरेपाशी फट. आधी केसाएवढी, मग नख जाईल एवढी. त्यावरचा घरगुती इलाजही ठरलेला आहे. फटीत फेविक्विकचा थेंब सोडायचा, वरून मास्किंग टेप ओढून लावायचा आणि सकाळी टेप काढून समाधान मानायचं. ऋतू बदलला की फट परत हजर. आता तिच्या काठाला कडक पांढरी रेघ असते आणि शेजारच्या स्प्रूसवर (पुढच्या फळीच्या लाकडावर) न निघणारा डाग. मग पुढचा प्रश्न येतो, ‘याहून पक्का ग्लू कुठला?’

ग्लू बदलून ही फट क्वचितच जाते. नव्वद टक्के गिटारवाले ज्याला चिकटवण्याचा दोष समजतात तो खरं तर लांबीचा दोष असतो, नाहीतर खाचेचा. मी ‘नव्वद टक्के’ मोजून म्हणत नाहीये, पण सुटलेल्या पट्टीखाली ग्लू भरपूर आणि तरीही फट, हे दृश्य एकदा पाहिलं की माझं म्हणणं पटेल.

बॉडीभोवती एक दोरी गुंडाळून दोन्ही टोकं ओढून बघा. फुगवट्यांवर दोरी लाकडात रुतते आणि कंबरेवर हवेत तरंगते. बाइंडिंगची पट्टी कुठल्याही कारणाने आखडली की तिचं नेमकं हेच होतं. बाहेर फुगलेल्या वळणावर आखडणारी पट्टी स्वतःलाच घट्ट करते, म्हणून तिथे सुमार ग्लूसुद्धा वर्षानुवर्षं निभावून जातो. आत गेलेल्या वळणावर तीच ओढ पट्टीला लाकडापासून बाहेर खेचते. तिथे ग्लूला रात्रंदिवस एकट्याने झुंजावं लागतं.

आकडे मांडले की हे जास्त टोचतं. कंबरेचा भाग सरळ रेषेत १५० मिमी धरा आणि त्या रेषेपासून वळणाची खोली २० मिमी. एवढ्या भागात पट्टी फक्त अर्धा मिमी आखडली तर मधोमध साधारण ०.७ मिमीची फट पडते. म्हणजे फट आखडण्यापेक्षा मोठी. कंबर जितकी उथळ तितकं हे गणित वाईट: खोली ८ मिमी असेल तर तेवढ्याच अर्ध्या मिमीला फट दीड मिमीच्या वर जाते. उथळ कंबरेची ड्रेडनॉट (मोठ्या, चौकोनीसर बॉडीची गिटार) वाकवायला सोपी वाटते, पण फटीच्या बाबतीत ती जास्त दगा देते.

मिरजेचा तंबोरा किंवा सतार जवळून पाहिली असेल तर तबलीच्या (पुढच्या लाकडी फळीच्या) कडेने गेलेली सेल्युलॉइडची पट्टी आठवेल. भोपळ्याभोवती ती पट्टी सगळीकडे बाहेरच्या वळणावर असते, त्यामुळे आखडली तरी घट्टच होते. रेषा आत वळते ती भोपळा दांडीला मिळतो त्या गळ्यापाशी, आणि जुन्या वाद्याची पट्टी तपासायची तर पहिलं बोट तिथेच ठेवावं. पदार्थ तोच, कारागिरीही तोडीची, फक्त गिटारला दोन्ही बाजूंना भलीमोठी कंबर आहे.

आधी अंगठा, मग बाटली

दुरुस्तीला हात लावण्याआधी एक तपासणी करा. गिटार टॉवेलवर आडवी ठेवा, टॉर्च अगदी तिरका धरा आणि फटीत साधा कागद सरकवून बघा. ८० जीएसएमचा कागद ०.१ मिमी जाडीचा असतो, दाढीचं दुधारी ब्लेडही तेवढंच. त्याहून जाड फटीसाठी गॅरेजवाले व्हॉल्व्हचं अंतर मोजायला वापरतात तो फीलर गेज घ्या. फट किती लांब आहे, कुठे सर्वांत रुंद आहे आणि ती टॉपकडून (पुढच्या फळीकडून) दिसते की साइडकडून, हे पेन्सिलने टेपवर लिहून ठेवा. मग फटीच्या मध्यावर अंगठा ठेवून दाबा.

तीनपैकी एक गोष्ट होईल. पट्टी सहज आत जाईल आणि जवळपास तिथेच राहील. किंवा जोर लावल्यावर आत जाईल आणि अंगठा काढताच टक् करून बाहेर येईल. किंवा कितीही दाबलं तरी हलणारच नाही. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांना एकच औषध देणं हीच या सगळ्या तक्रारीची मूळ गंमत आहे.

सहज आत जाते: ग्लू पोचलाच नाही

हा सर्वांत सोपा प्रकार, म्हणून याच्यावर फार वेळ घालवत नाही. दोन कारणं शोधा.

पहिलं, पदार्थ आणि ग्लू यांची जोडी. पांढरा फेविकॉल आणि पिवळा टाइटबाँड लाकडाला लाकूड जोडायला आहेत. एबीएस किंवा सेल्युलॉइड या प्लास्टिकच्या गुळगुळीत पाठीला ते धरत नाहीत, नुसते वाळून बसतात. तुमची पट्टी नेमकी कशाची आहे हे माहीत नसेल तर तिचा उरलेला तुकडा असिटोनमध्ये टाकून बघा. एबीएस आणि सेल्युलॉइड दोन्ही मऊ होऊन विरघळू लागतात, आणि अशा पट्टीला असिटोनच्या जातीचं सॉल्व्हंट सिमेंट उत्तम धरतं: ते प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करून लाकडाच्या छिद्रांत शिरवतं. तुकडा असिटोनमध्ये ढिम्म राहिला तर सिमेंटचा नाद सोडा आणि पट्टीची आतली बाजू १२० नंबरच्या पेपरने खरवडून सायनोअॅक्रिलेट (फेविक्विकच्या जातीचा ग्लू) किंवा इपॉक्सी वापरा. रबरवाला काँटॅक्ट ग्लू मात्र नको. तो मुळात लवचीक असतो, सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो, आणि सरकणं हाच तर आपला रोग आहे.

दुसरं कारण लपलेलं असतं. साइडची जाडी साधारण २ मिमी. पट्टी १.५ मिमीची असेल तर खाचेच्या मागे साइडचंच थोडं लाकूड उरतं. पण २.३ मिमीची जाड पट्टी घेतली, आणि आत काळी-पांढरी रेघ हवी म्हणून खाच अजून रुंद केली, तर राउटर (खाच कापणारं यंत्र) साइडच्या आरपार जाऊन आतल्या लायनिंगमध्ये, म्हणजे साइडला आतून कडेने लावलेल्या लाकडी पट्टीत, शिरतो. लायनिंग वाकावं म्हणून त्याला ठरावीक अंतरावर करवतीचे छेद दिलेले असतात. आता पट्टीच्या मागे सलग लाकूड नाही, एक खुंटी, एक पोकळी, एक खुंटी असा प्रकार आहे. पोकळीत टाकलेला ग्लू गिटारच्या पोटात जातो. कंबरेवर छेद उघडतात की मिटतात हे लायनिंग कुठल्या बाजूने लावलं त्यावर ठरतं, पण उघडलेले असले तर पट्टी नेमकी गरजेच्या ठिकाणी अर्ध्याच जागेला चिकटलेली असते. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि दिवा घालून बघा. आत ग्लूचे ओघळ गोठलेले दिसले तर चोर सापडला. जाड पट्टी वापरायचीच असेल तर लायनिंग आधीच पुरेसं रुंद ठेवा आणि खाच मारल्यावर उघडे पडलेले छेद लाकडाच्या सालपटांनी बुजवून घ्या.

टक् करून बाहेर येते: पट्टी तोकडी आहे

खरा मुक्काम इथे. अंगठ्याखाली पट्टी आत जाते कारण तुम्ही ती त्या क्षणापुरती ताणता. अंगठा उचलला की ती आपल्या मूळ लांबीवर येते. असल्या पट्टीला कितीही महागडा ग्लू लावा, तुम्ही एक ताणलेली स्प्रिंग चिकटवून ठेवलेली असते.

ती तोकडी कशी झाली? बहुतेक वेळा बसवतानाच. पट्टी शेपटीकडून सुरू करून टेपने खेचत खेचत पुढे नेली जाते. प्रत्येक टेपला ‘अजून थोडी घट्ट’ म्हणून ओढ दिली जाते आणि कंबर येईपर्यंत पट्टी चांगलीच ताणलेली असते. त्यातच ती वळावी म्हणून हेअर ड्रायर किंवा हीट गन चालू असते. इथे उष्णतेचा हिशोब मधे येतो. लाकूड धाग्याच्या दिशेने उष्णतेने जवळजवळ वाढत नाही. एबीएस मात्र त्याच्या कितीतरी पट वाढतं: दर अंश सेल्सियसमागे मीटरभर लांबीत साधारण ०.०७ ते ०.१ मिमी. पट्टी ८० अंशांवर गरम असताना टेपने जखडली आणि मग खोलीच्या ३० अंशांवर आली, तर कंबरेच्या १५० मिमी लांबीत ती अर्ध्या मिमीहून जास्त आखडू पाहते. वर काढलेला ०.७ मिमीचा आकडा आठवा. म्हणजे नुसती गरम पट्टी चिकटवली, बाकी सगळं शास्त्रशुद्ध केलं, तरी फटीची तरतूद झालेली असते.

सॉल्व्हंट सिमेंटचीही यात भर पडते. सिमेंटने पट्टी फुगते आणि सॉल्व्हंट उडून जाईल तशी परत बसते. पट्टीला सिमेंटने न्हाऊ घातलं तर हे उडणं बरेच दिवस चालतं. लगेच दुसऱ्या दिवशी स्क्रेपरने पट्टी टॉपशी सपाट केली की आठवड्याने ती टॉपच्या खाली गेलेली दिसते. टेप निदान चोवीस तास ठेवा आणि घासायला त्यानंतर चार-पाच दिवस थांबा. फिनिश करायच्या घाईत हे दिवस वाचवले की ते नंतर व्याजासकट द्यावे लागतात.

नवीन गिटारवर हे टाळायची माझी पद्धत अशी. पट्टीला आधी आकार द्यायचा, चिकटवायची नंतर, आणि या दोन कामांच्या मधे ती पूर्ण थंड झाली पाहिजे. एबीएस आणि सेल्युलॉइड दोन्ही गरम पाण्यात मऊ होतात; पसरट परातीत कढत पाणी घेऊन कंबरेचा भाग बुडवला तरी पुरतं. सेल्युलॉइडच्या जवळ ज्योत किंवा हीट गन अजिबात नको, ते नायट्रोसेल्युलोज आहे आणि पेटलं की भडकतं. मऊ झालेली पट्टी बॉडीवर नाही, कंबरेच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर बसवायची, आणि ठोकळ्याचं वळण बॉडीपेक्षा थोडं जास्त खोल असावं. थंड झाल्यावर पट्टी खाचेत कोरडी ठेवून बघा. कंबरेपाशी ती टेपशिवाय, बोटाच्या हलक्या स्पर्शाने टेकली पाहिजे. टेकत नसेल तर परत पाण्यात. टेपने वळण आणायचं नसतं, टेपने फक्त धरून ठेवायचं असतं.

मग चिकटवताना कंबरेपासून सुरुवात. कोरड्या बसवणीत पट्टीवर आणि साइडवर एकाच ठिकाणी पेन्सिलची खूण करून ठेवा, खुणेला खूण लावून कंबर आधी पक्की करा आणि मग दोन्ही फुगवट्यांकडे बाहेर जा. टोकं मोकळी, थोडी जास्त लांब. शेपटीचा सांधा शेवटची दहा सेंटीमीटर चिकटवण्याआधी जागेवर कापा. काहीजण शेपटीला मायटर (तिरका सांधा) आधी जुळवून घेतात, कारण तिथे सजावटीची रेघ रेघेला मिळवायची असते. जुळवा, पण चिकटवायची ती कंबरच आधी. सांध्यात ०.२ मिमी कमी पडलं तर ते झाकता येतं. कंबरेपाशी तेवढंच कमी पडलं तर ते सगळ्या गावाला दिसतं.

टेपबद्दल एक शब्द. बाजारातला साधा मास्किंग टेप दमट हवेत रात्रीतून सैल होतो. बाइंडिंगसाठी मिळणारा तपकिरी कागदी टेप चांगला, पण काढताना स्प्रूसचे धागे उपटतो. तो धाग्याच्या दिशेने, अगदी मागे दुमडून, हेअर ड्रायरची ऊब देत काढा. कंबरेवर टेप मुळात कमजोरच, कारण तो फुगवट्यावरून फुगवट्यावर ताणला की दोरीसारखाच हवेत राहतो. म्हणून कंबरेत कॉर्क लावलेला अर्धगोल ठोकळा ठेवा आणि त्याच्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. पायजम्याची सुती नाडीही उत्तम काम करते: बॉडीभोवती वेढे द्या आणि नाडी व बॉडीच्या मधे छोट्या पाचरी सरकवून दाब हवा तेवढा वाढवा.

जुन्या गिटारवर हेच झालं असेल तर

शिसवीच्या साइड्स, स्प्रूसचा टॉप आणि १.५ बाय ६ मिमीची पांढरी एबीएस पट्टी असलेली एक ड्रेडनॉट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. खालच्या तारांच्या बाजूला, कंबरेपाशी, टॉपकडून फीलर गेजचं ०.४ मिमीचं पातं आरामात आत जात होतं. मालक तरुण मुलगा, म्हणाला, “काका, तीनदा फेविक्विक टाकलं. आता तुम्ही जरा जास्त टाका.” अंगठ्याने दाबल्यावर पट्टी आत गेली आणि सोडल्यावर स्पष्ट ऐकू येईल असा टक् आवाज करून परत आली.

अशा वेळी कंबरेत लांबी कुठूनतरी आणावी लागते. ती येते वरच्या फुगवट्याकडून. आधी नवीन ब्लेडने पट्टीच्या दोन्ही कडांनी फिनिशला बारीक रेघ मारली, टॉपकडून आणि साइडकडूनही. ही रेघ नसेल तर पट्टी सुटताना लॅकरचे कपचे उडतात आणि बाइंडिंगची दुरुस्ती पॉलिशची दुरुस्ती होऊन बसते. मग पातळ पॅलेट नाइफ गरम करून कंबरेतून आत घातली आणि वरच्या फुगवट्यावरून हीलपर्यंत (मान बॉडीला मिळते तिथपर्यंत) इंच इंच पट्टी मोकळी केली. सुरीची पाठ कायम पट्टीला टेकलेली. जरा उलट झाली तर ती स्प्रूसमध्ये घुसते. घाई केली की पट्टी मोडते, म्हणून दर इंचाला हेअर ड्रायरची मंद ऊब.

पट्टी मोकळी होताच तिचं टोक हीलपासून स्वतःहून मागे सरकलं. कंबरेपासून हीलपर्यंतच्या पट्टीत जे कमी होतं ते समोर मोजता आलं: एक मिमीला थोडं कमी. खाचेतला जुना ग्लू ३ मिमीच्या पटाशीने खरवडून काढला. असिटोनने पुसायचा मोह होतो, पण गिटारला नायट्रो लॅकर असेल तर तो थेंब लॅकरही उचलतो, आणि तेवढ्यावर न थांबता वाहत जातो. पट्टीची आतली बाजू १२० ने खरवडली, कंबरेचा भाग ऊब देऊन ठोकळ्यावर बसवला आणि थंड होऊ दिला. मग कंबरेपासून हीलकडे, एकेका वेळी पाच-सहा सेंटीमीटर, मध्यम घट्टपणाच्या सायनोअॅक्रिलेटने बसवत नेलं. पातळ सायनोअॅक्रिलेट इथे नको, ते पाण्यासारखं पळतं आणि स्प्रूसच्या उघड्या कडेत शिरून पिवळा डाग करतं. नवीन बांधणीत तर खाचेच्या कडेला आधी लाखेच्या पॉलिशचा हलका हात मारून ती बंदच करून घ्यावी. ग्लू झटपट वाळवणाऱ्या अॅक्सिलरेटरचा फवाराही नको. घाईने वाळलेला सांधा फेसाळतो आणि ठिसूळ होतो.

शेवटी हीलच्या बाजूला एक मिमीची रिकामी जागा उरली. एक मिमीचा तुकडा चिमटीत धरतासुद्धा येत नाही. म्हणून पट्टी अजून पाच मिमी मागे कापली, तिरका छेद दिला आणि तशाच पट्टीचा सहा मिमीचा तुकडा बसवला. सांध्याला ब्रशच्या टोकाने किंचित असिटोन लावलं की एबीएस एबीएसला वितळून जुळतं आणि घासल्यावर रेघ शोधावी लागते. तिथे फिंगरबोर्डची सावली पडते, त्यामुळे तिकडे कुणी बघतही नाही. मुलगा गिटार न्यायला आला तेव्हा त्याने कंबरेत नख घालून बघितलं, हीलकडे नाही.

हलतच नाही: खाच वाकडी किंवा अडलेली

दाबून पट्टी जराही आत जात नाही तेव्हा ती कशावर तरी टेकलेली असते. कशावर, हे शोधायचं.

पहिला संशयित आतला कोपरा. राउटरचा बिट (फिरणारं पातं) बोथट असेल तर खाचेच्या तळाच्या कोपऱ्यात लाकडाची लव राहते, किंवा जुना ग्लू. पट्टीची धार अगदी काटकोनात असते, ती या लवेवर चढून बसते आणि बाहेरून फट दिसते. पट्टीच्या आतल्या कोपऱ्यावरून स्क्रेपरचा एक हलका हात मारून धार मोडली तर हे मुळातच टळतं. मिनिटाचं काम आहे आणि तरी बहुतेकजण ते करत नाहीत.

दुसरा संशयित टॉपचा आणि बॅकचा गोलावा. आपल्याला सपाट वाटला तरी टॉप साधारण २५ ते २८ फूट त्रिज्येचा घुमट असतो आणि बॅक १५ फुटांचा, म्हणजे त्याहून जास्त फुगलेला. सुतार सनमायकाच्या कडा कापायला वापरतात तो ट्रिमर सरळ या घुमटावर ठेवून चालवला तर त्याचा बूड तिरका बसतो आणि खाचही तिरकी कापली जाते. खाचेची उभी भिंत साइडला समांतर राहत नाही. पट्टी वर टेकते आणि खाली उघडी, किंवा उलट. इथे निदान सोपं आहे: फट पट्टीच्या एकाच कडेला दिसते, दुसरी कड घट्ट असते. खात्री करायला छोटा गुण्या साइडला लावून खाचेत बघा. इलाज म्हणजे ट्रिमर बॉडीवर न टेकवता उभ्या सरकणाऱ्या कॅरेजवर बसवणं, जेणेकरून बिट कायम साइडला समांतर राहील आणि घुमटाला फक्त बिटशेजारची एक छोटी कडी टेकेल. असं जिग घरी प्लायवूड आणि ड्रॉवरच्या दोन बेअरिंग चॅनलमधून बनवता येतं आणि राउटरपेक्षा महत्त्वाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा संशयित साइड स्वतः. बिटवरचं बेअरिंग साइडवर फिरतं आणि तिथे जे असेल त्याची हुबेहूब नक्कल खाचेत उतरवतं. कंबर वाकवताना साइडला नेमक्या तिथेच लाटा पडतात, कारण सर्वांत जोराचं वाकणं तिथे असतं. खाच मारण्याआधी साइड लांब ठोकळ्यावर पेपर लावून सपाट करा, आणि कंबरेसाठी गोल ठोकळा. बेअरिंगला चिकटलेला ग्लूचा वाळका थेंबसुद्धा खाचेची खोली बदलतो. राउटर चालवायची दिशाही पाळा: फुगवट्याच्या सर्वांत रुंद जागेपासून कंबरेकडे आणि रुंद जागेपासून टोकांकडे. उलट गेलात तर बिट धाग्यांखाली शिरून स्प्रूसचा लांब ढलपा उचलतो आणि मग फटीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

वाकड्या खाचेत बसलेली पट्टी नुसती दाबून काही होत नाही. नवीन गिटार असेल तर पट्टी काढा, खाच पटाशीने आणि छोट्या कानशीने सरळ करा, पट्टी परत बसवा. फट ०.२ मिमीच्या आत आणि गिटार पूर्ण पॉलिश झालेली असेल तर मी भरून मोकळा होतो.

लाकडी पट्टी

शिसवी, मेपल किंवा एबनीची पट्टी आखडत नाही, ती उसळी मारते. गरम पाइपवर १५० अंशांच्या आसपास वाकवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी थोडी उघडलेली असते. म्हणून कंबर मुद्दाम जास्त वाकवा आणि रात्रभर साच्यात ठेवा. लाकडी पट्टीची खास अडचण बॅकला वरच्या फुगवट्यावर येते: तिथे बॉडीची खोली कमी होत जाते आणि पट्टीला आडव्याबरोबर उभंही वळावं लागतं. ६ मिमी उंचीचं लाकूड त्या दिशेला वळायला राजी नसतं. त्या टप्प्यात पट्टी वाकवतानाच तिला खाली झुकवून घ्यावी लागते. आणि पिवळा ग्लू बेताने लावा. त्यातलं पाणी खाच फुगवतं, काल सहज बसलेली पट्टी आज अडते. सरस वापरणाऱ्यांना इथे एक फायदा आहे, चुकलं तर ऊब आणि ओलावा देऊन सांधा उघडता येतो.

फट नव्हे, पायरी

एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा विदर्भात हवा कोरडी झाली की बोटाला बाइंडिंगची धार लागते. पट्टी किंचित वर आल्यासारखी वाटते. काही सुटलेलं नसतं. टॉप धाग्याच्या आडव्या दिशेने आकसलेला असतो आणि प्लास्टिक होतं तिथेच असतं. पावसाळ्यात पायरी आपोआप मिटते. ती घासून सपाट करू नका, जुलैत उलटी पायरी मिळेल. बांधणी आणि चिकटवणं दोन्ही ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत झालं तर ही चढउतार सोसण्याजोगी राहते. कोकणातल्या जुलैत उघड्या पडवीत बाइंडिंग चिकटवायला बसू नये. आणि मे महिन्यात गिटार गाडीच्या डिकीत ठेवू नये. तिथल्या उन्हाने तापलेल्या हवेत भला भला सांधा नरम पडतो.

सेल्युलॉइड सडलं असेल तर

जुन्या गिटारच्या पट्टीला आडव्या भेगा, कपचे, तपकिरी डाग आणि शेजारच्या फ्रेट्सना हिरवट गंज असेल तर ही फट नाही. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. वर्षानुवर्षं कापूर उडतो, पट्टी आखडते, पुढे नायट्रोसेल्युलोजचंच विघटन सुरू होतं आणि त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ धातू खाते. बंद केसमध्ये ती वाफ कोंडून वेग आणखी वाढतो. अशी पट्टी चिकटवायला घेऊ नका, हातात चुरा येईल. पूर्ण काढून नवीन बसवणं एवढाच मार्ग आहे, आणि तोवर ती गिटार दुसऱ्या सेल्युलॉइडवाल्या वाद्याशेजारी बंद कपाटात ठेवू नका.

भरायचंच असेल तर

प्लास्टिकच्या फटीसाठी त्याच पट्टीचे कपटे काचेच्या बाटलीत असिटोनमध्ये भिजवून दाट लगदा करा. रंग आपोआप जुळतो. तो वाळताना बसतो, म्हणून दोन-तीन हात द्या, फटीच्या वर येऊ द्या आणि सपाट करण्याआधी काही दिवस जाऊ द्या. शेजारी काळी किंवा कासवाच्या पाठीसारखी रंगीत पट्टी असेल तर असिटोन तिचा रंग पांढऱ्यात ओढतं. लगदा कमी ओला ठेवा. स्प्रूसच्या बाजूला भुसा आणि सायनोअॅक्रिलेट नको, ते काळपट दिसतं. स्प्रूसचीच पातळ काडी, धागा टॉपच्या धाग्याला समांतर, सरसाने बसवा. शिसवीच्या बाजूला मात्र शिसवीचा भुसा आणि इपॉक्सी बेमालूम मिसळतो.